माप मोडलं

पिस्तुलाचा बार उडायला पाच मिनिटं होती आणि बळीराम सारखं कपाळ पुसत होता. धावायचं होतं त्याच्या पुतणीला, अर्पिताला. घाम मात्र फुटला होता या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला. तोही डिसेंबरातल्या सकाळी पावणेसातला, जेव्हा लोहारा गावापलीकडच्या एका कॉलेजच्या मैदानावर जो तो कानटोपीत तोंड खुपसून बसला होता.

शेजारी त्याची बायको रुखमाबाई सतरंजी अंथरून, थर्मासचं झाकण घट्ट करून तयार होती. विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धा या जोडप्याला नव्या नव्हत्या. तीन वर्षांत पुसद, दिग्रस, वणी, अमरावती, जिथं जिथं मुलींची लांब पल्ल्याची शर्यत असेल तिथं ही दोघं पहिल्या एसटीनं हजर. अर्पिताचे आईबाप कापूस वेचणीत अडकलेले. तिच्या आईला, नलूला, तशीही पोरगी धापा टाकताना बघवत नसे. बळीराम आणि रुखमाबाईला मात्र दुसऱ्या कॉलेजांच्या पोरींचीही कुंडली पाठ होती. कुणाची टाच दुखते, कोण शेवटी ढेपाळते, कोण कोपर मारते, सगळं. सख्ख्या भाच्याच्या लग्नात ही दोघं अक्षता पडून गेल्यावर पोचली होती, पण शर्यतीचा बार कधी चुकला नाही, असं त्यांच्या बाभुळगावातले लोक म्हणत, आणि ते खरंही होतं.

बळीराम मापारी होता. चाळीस वर्षं त्यानं लोकांचं धान्य मोजलं, आधी पायलीनं आणि पुढं काट्यावर पोती चढवून. मापाऱ्याचं पहिलं माप ‘एक’ नसतं, ‘लाभ’ असतं. लाभ, दोन, तीन, असं खड्या आवाजात म्हणत जायचं, म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ऐकू जातं. बळीराम ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट घालून दिली होती. मोजताना जरा जरी शंका आली तर अंदाजानं पुढचा आकडा म्हणायचा नाही. तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत ‘माप मोडलं’ म्हणायचं, रास पुन्हा ओतायची आणि लाभपासून सुरुवात करायची. मापाऱ्याला याहून मोठी लाज नाही. चाळीस वर्षांत बळीरामवर ही पाळी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा तो त्या दिवशी जेवला नव्हता.

अर्पिताची शर्यत दहा हजार मीटरची, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती रेषेजवळच्या पाटीच्या भरवशावर धावली होती. ती पाटी सगळ्यात पुढं असलेल्या मुलीसाठी असते, आणि अर्पिता तेव्हा एक फेरी मागं होती. पाटीवर ‘एक’ दिसलं, घंटा वाजली, पोरीनं जीव तोडून ती फेरी मारली आणि रेषेवर पंचानं सांगितलं की तुझी अजून एक बाकी आहे. त्यातली निम्मी ती धावली. मग चुन्याच्या रेघेवर आडवी झाली, तिचे डोळे फिरले आणि दवाखान्यात तिला सलाईनच्या तीन बाटल्या चढल्या. बळीराम तिच्या उशाशी बसून होता. तिचे ते निळे पडलेले ओठ तो काही विसरला नव्हता.

तेव्हापासून ठरून गेलं. अर्पिता पाटी बघणार नाही, घंटेकडे लक्ष देणार नाही. रेषेच्या थोडं पुढं, वळणावर, तिचे मोठेबाबा दोरीला टेकून उभे राहतील आणि बाजारातल्या आवाजात फेरी सांगतील. त्यांनी ‘एकवीस’ म्हटलं की चार राहिल्या. तिथून सगळा जोर लावायचा. एक फेरी आधी लावला तर मरण, एक फेरी उशिरा लावला तर हार.

आजची शर्यत तिची विद्यापीठातली शेवटची. पहिल्या दोघी देशपातळीच्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार होती.

हे सगळं ठीक होतं. ठीक नव्हतं ते बळीरामचं डोकं.

दिवाळीपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. चक्कीच्या वाटेवर तो पिशवी हातात घेऊन उभा राहिला, आणि दळण टाकायला निघालो की घेऊन परत चाललो, हे त्याला कळेना. पिशवीत हात घालून बघावं लागलं. मग एक दिवस सोयाबीनची पोती मोजताना त्यानं एकवीसनंतर अठरा म्हटलं. हमाल हसले, तोही हसला, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून त्यानं काम सोडलं. खरं कारण त्यानं कुणालाही सांगितलं नाही, रुखमाबाईला तर मुळीच नाही. तोंडातून काढलं की ते खरं होऊन बसेल, अशी त्याला धास्ती होती. आणि अर्पिता रोज पहाटे सरावासाठी ग्राउंडवर यायला हाक मारी तेव्हा ‘येत नाही’ म्हणायलाही कारण लागलं असतं. म्हणून तो जात राहिला, मोजत राहिला, आणि दर वेळी सुटल्यासारखा घरी येत राहिला.

“अहो, घाम काहून फुटला तुमाले? ताप हाये का?” रुखमाबाईनं विचारलं.

“कुठी घाम? दव पडलं असन,” तो म्हणाला आणि दोरीशी जाऊन उभा राहिला. रुखमाबाई उठून त्याच्या उजव्या खांद्यामागं आली. डोक्यावरचा पदर तिनं एका हातानं धरला होता.

बार उडाला. चौदा जणी सुटल्या आणि चाळीस पावलांवर यांच्या समोरून धडधडत गेल्या. जांभळ्या बनियनवाली अकोल्याची मुलगी सगळ्यात पुढं, तिच्या मागं अर्पिता, आणि अर्पिताच्या पाठीला लागून वाशिमची ती लांब टांगांची. बळीरामनं दोन्ही हातांनी दोरी धरली.

पहिल्या दहा-बारा फेऱ्या बऱ्या गेल्या. सहा, सात, आठ, आवाज कसा खणखणीत. आजूबाजूची पोरं माना वळवून बघत होती आणि एक जण म्हणाला, “काका, तुमाले माइकची गरजच नाही ना.” बळीरामला जरा बरं वाटलं. रुखमाबाईनं मागून चहा दिला तो त्यानं घेतला नाही. हात दोरीवरून काढायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. तेरा, चौदा, पंधरा. प्रत्येक वेळी अर्पिता वळणावर मान किंचित वर करी, इकडे बघे, आकडा घेई आणि निघून जाई.

“सतरा,” तो ओरडला आणि ती गेली.

आणि ती गेल्यावर, उगाचच, काही कारण नसताना, त्याच्या मनात आलं: लाभ केव्हा म्हटलं आपण?

बार उडाल्यावर पोरी पहिल्यांदा समोरून जातात ती फेरी नसते. ती मोजायची नाही. पूर्ण मैदान फिरून परत आल्या की मग लाभ. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण मापाऱ्याची जीभ वेगळी शिकलेली असते. पहिलं माप राशीतून उचललं रे उचललं की लाभ म्हणायचं, ओतेपर्यंत थांबायचं नाही. आज बार उडाला, पहिली पोरगी समोर आली, आणि तेव्हा तोंडातून लाभ निघालं होतं का? निघालं असेल तर तो तेव्हापासून एक आकडा पुढं होता. सतरा म्हटलं त्या सोळाच होत्या.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. बार आठवला. धूर आठवला. जांभळं बनियन आठवलं. त्यानंतर स्वतःचं तोंड उघडलं की मिटलेलं होतं, ते काही केल्या आठवेना. तिथं नुसता धूर होता.

एका फेरीचा फरक, अगदी पहिल्या वर्षासारखा. तो एकवीस म्हणेल, पोरगी भरवशानं जोर लावेल, आणि खरं म्हणजे पाच फेऱ्या राहिलेल्या असतील. चार संपल्यावर ती रेषेवर येईल आणि पंच हात वर करून म्हणेल, अजून एक. बळीरामला ते निळे ओठ दिसले.

फेऱ्यांची पाटी धावणाऱ्यांकडे तोंड करून होती, यांच्याकडे तिची पाठ. त्यानं शेजारच्या पोराला हळूच विचारलं, “भाऊ, पाटीवर किती राह्यल्या म्हणते रे?”

“आठ होतं वाटते काका. का नऊ. मी मोबाइल पाहून राह्यलतो.”

आठ असेल तर तो बरोबर. नऊ असेल तर तो चुकला. पोरानं दोन्ही सांगून टाकलं आणि पुन्हा मोबाइलात डोकं घातलं. पाटीपर्यंत धावत जावं म्हटलं तर मधे दोरी, पंच आणि शंभर माणसं. शिवाय तेवढ्यात अर्पिता वळणावर येऊन गेली आणि तिला कुणी दिसलंच नाही तर? रुखमाबाईला विचारावं? पण रुखमाबाईला विचारणं म्हणजे सगळंच सांगणं. चाळीस वर्षं मोजणारा माणूस बायकोला विचारतोय, किती झाल्या गं. ती काय ते समजून जाईल. त्यानं मान वळवली नाही.

अर्पिता आली. “अठरा,” तो म्हणाला, पण आवाज निम्माच निघाला. ती गेली. दीड मिनिट कसं गेलं कळलं नाही. “एकोणीस.” वाशिमची मुलगी अर्पिताच्या बरोबरीला आली होती आणि अर्पिताच्या गळ्याची शीर तटतटून वर आली होती. तिच्यात किती शिल्लक आहे हे बळीरामला नजरेनं मोजता येई. चार फेऱ्यांपुरतं होतं. पाचांपुरतं नव्हतं.

“वीस,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला वाटलं, आपण आत्ताच एका लेकराच्या ताटात काय वाढतोय ते आपल्यालाच माहीत नाही. त्यानं पोट दोरीवर टेकवलं. पळून जावं, असं मनात आलं, अगदी खरंच आलं. मुतारीकडे जातो म्हणून निघावं आणि एसटीत बसावं. नाहीतर एकवीस म्हणून मोकळं व्हावं. बरोबर निघालं तर निघालं. कुणाला कळणार होतं? मोजण्यात चूक झाली तर पाटीवाल्यावर ढकलता आलं असतं. माणसाचं मन भीतीत किती पटापट वाटा काढतं ते बघून त्याला स्वतःचीच किळस आली.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला अर्पिता दिसली. मग वळणावर. मग सरळ रेषेत. दोन वेण्या, छातीवर एकशे बाराचा कागद, तोंड अर्धं उघडं. रेषा ओलांडून ती त्याच्याकडे येत होती. तिनं मान वर केली.

बळीराम दोरीवरून पुढं वाकला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “माप मोडलं व पोरी. माप मोडलं. मले आठवत नाही.”

अर्पिताचं पाऊल अडखळलं. मापाऱ्याच्या घरात वाढलेली पोरगी ती; या शब्दांचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं थेट त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिचा वेग तुटला, आणि वाशिमची मुलगी तिला ओलांडून चार पावलं पुढं निघून गेली.

तेवढ्यात बळीरामच्या कानाशी रुखमाबाईचा आवाज आला. घरात कधी मोठ्यानं न बोलणारी बाई गरजली होती. “पाच राह्यल्या, माय. पाच. आता नको लावू जोर. पळत राह्य.”

अर्पितानं मान हलवली आणि ती पुढं गेली.

बळीराम वळला. रुखमाबाई पदर धरून उभी होती आणि पदरावरच्या हाताची पाचही बोटं तिनं उघडी ठेवली होती.

“तुले कसं ठाऊक?”

“मोजलं,” ती म्हणाली. “तुमी बार वाजल्या वाजल्या लाभ म्हणाले. मी बाजूलेच होती.”

म्हणजे तो चुकलाच होता. एकवीस म्हटलं असतं तर त्यानं पोरीला मारलं असतं. ते कळलं, आणि पाठोपाठ दुसरं कळलं, ते जास्त वाईट होतं.

“तू कायले मोजून राह्यलती?”

रुखमाबाई मैदानाकडे बघत राहिली. “दिवाळीपासून मोजतो मी. तुमी चक्कीजवळ पिशवीत हात घालून पाहून राह्यलते, थ्या दिवशी मी मागंच होती. पोट्टीले मीच सांगतलं. शेवटच्या पाच फेऱ्या मी बोटं दाखवतो, थे पाह्यते.”

बळीरामला दोन महिन्यांच्या पहाटा आठवल्या. तो आकडा ओरडतोय, अर्पिता मान वर करून बघतेय, आणि तिची नजर त्याच्यावर नाही. त्याच्या कानापासून वीतभर उजवीकडे आहे. त्याला ते दिसत होतं आणि त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. घरातल्या दोन बायका त्याच्या पाठीमागं त्याची चूक झाकत होत्या, आणि तो आपण कसं सगळ्यांपासून लपवलं म्हणून खूश होता. त्याला राग आला, लाज वाटली, आणि मग या दोन्हींच्या खालून भीती वर आली. इतके दिवस ती एकट्याची होती तेव्हा खोटी ठरायची थोडी आशा होती. आता रुखमाबाईनंही पाहिलं होतं. आता ती खरी होती.

“मले सांगतलं काहून नाही?”

“तुमी सांगतलं का मले?” ती म्हणाली. मग त्याचा सदरा धरून तिनं त्याला पुन्हा मैदानाकडे वळवलं. “येऊन राह्यली थे. चार राह्यल्या. सांगा.”

“तूच सांग.”

“माहा आवाज नाही पोचत. सांगा म्हणतो ना.”

अर्पिता वळणावर आली होती. तिसऱ्या नंबरावर. बळीरामनं दोरी धरली. चाळीस वर्षांची सवय छातीत कुठंतरी होतीच. “चार,” तो ओरडला. मैदानाच्या पलीकडे पोचेल असा. “चार राह्यल्या. निघ आता.”

ती निघाली. तीन राहिल्या तेव्हा ती वाशिमच्या मुलीच्या दहा पावलं मागं होती, दोन राहिल्या तेव्हा पाच. दर वेळी रुखमाबाई त्याच्या कानात सांगे आणि तो ओरडे, आणि ओरडताना त्याला सारखं वाटे की हाही आकडा चुकेल, हिचीही बोटं चुकतील. घंटा वाजली. बळीरामनं डोळे मिटून घेतले. पुढं काय झालं ते त्याला रुखमाबाईच्या पकडीवरून कळलं; तिनं त्याचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. शेवटच्या पन्नास पावलांत अर्पितानं वाशिमच्या मुलीला मागं टाकलं होतं. जांभळ्या बनियनवाली पहिली, अर्पिता दुसरी.

बऱ्याच वेळानं ती जाकीट घालून, पाय ओढत सतरंजीवर येऊन बसली. तिचे ओठ लाल होते. बळीरामनं आधी तेच पाहिलं.

“मी एकवीस म्हणणार होतो व,” तो खाली बघत म्हणाला. “चुकीचं. मंग म्हणवलं नाही.”

“मले वाटलं तुमाले काही झालं, मोठेबाबा,” ती म्हणाली. “मी थांबणारच होती.”

“तुले सगळं ठाऊक होतं त मले रोज उभं कायले करत होती?”

अर्पितानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली, मग रुखमाबाईकडे बघत म्हणाली, “आकडा मोठ्याईचा घेतो मी. पण आवाज तुमचाच लागते. थ्या वळणावर तुमचा आवाज नाही आला का मले पाय उचलत नाही. आता पुढच्या स्पर्धेले बी या लागन तुमाले.”

“तवापर्यंत माह्या डोक्यात काय उरते, कोणाले ठाऊक?”

पोरीनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. रुखमाबाई म्हणाली, “सोमवारी डॉक्टरले दाखवू. आता लपवाचं नाही.” बळीरामनं मान हलवली. डॉक्टर काय म्हणेल याची भीती होतीच, पण त्यानं नाही म्हटलं नाही.

बक्षिसांसाठी अर्पिताला बोलावणं आलं आणि ती गेली. ती परत येईपर्यंत रसवंतीच्या सावलीत बसू, असं म्हणून रुखमाबाईनं सतरंजी गुंडाळली. ती रसवंती सकाळी त्यांना फाटकाबाहेर दिसली होती. मैदानाला दोन फाटकं होती आणि दोन्हींवर सारखेच बॅनर लावलेले. बळीराम उभा राहिला, आणि सकाळी आपण कोणत्या फाटकातून आत आलो हे त्याला आठवेना. दिवाळीपासून असं झालं की तो चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं मागं राही आणि रुखमाबाई वळेल तिकडे वळे. कुणाला काही कळत नसे, निदान त्याला तसं वाटे.

आज त्यानं चपलेला हात लावला नाही.

“रुखमा,” तो म्हणाला, “मले आठवून नाही राह्यलं. आपण कोणत्या फाटकातून आलतो?”

रुखमाबाईनं सतरंजी बगलेत मारली, थर्मास त्याच्या हातात दिला आणि बोट दाखवून सांगितलं, “थ्या डावीकडच्या.”